परचेस ऑफिसरने केआरएवर सही करायच्या आधी करायची तयारी

एप्रिल आला की नाशिकच्या अंबड, सातपूर, सिन्नरकडच्या कंपन्यांत केआरएची, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या टार्गेटची, शीट फिरायला लागते आणि परचेसवाल्याच्या शीटवर दरवर्षी त्याच दोन ओळी, कॉस्ट सेव्हिंग इतके टक्के आणि मटेरियल वेळेवर. एचआर म्हणतं संध्याकाळपर्यंत सही करून द्या, आपण देऊन टाकतो आणि मग पुढच्या मार्चमध्ये अप्रेझलला बसलं की कळतं आपण कशावर सही केली होती ते. माझ्यासोबत हे दोनदा झालंय, म्हणून नवीन मुलांसाठी लिहितोय. सहीच्या आधी आठ दिवस मागून घ्या, मिळतात, आणि तेवढ्यात पुढची तयारी करा.

पहिलं काम, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ते कागदावर उतरवायचं. इंडेंट, म्हणजे माल मागवायची चिठ्ठी, कोण काढतं, त्यावर ड्रॉइंगचं रिव्हिजन कोण टाकतं, किती रकमेपर्यंतची पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, तुमच्या सहीने जाते आणि त्यापुढे कोणाची सही लागते. माल मोजून घेणं स्टोअरचं, तपासून पास करणं क्यूसीचं (क्वालिटीवाल्यांचं), पेमेंट अकाउंट्सचं, पण लाइन थांबली की फोन तुम्हालाच येतो. माझ्या पहिल्या नोकरीत एका रबर गॅस्केटसाठी असेंब्ली अर्धी शिफ्ट उभी होती, तीन रुपयांचा पीस. पार्टी, म्हणजे सप्लायर, सहा दिवस घेते हे सगळ्यांना माहीत होतं आणि इंडेंट चार दिवस आधी आला होता, पण हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे मीटिंगमध्ये उभं मलाच राहावं लागलं. तेव्हापासून उशिरा आलेल्या इंडेंटची वेगळी एक्सेल ठेवतो, तारीख, आयटम, लीड टाइम (पार्टीला माल द्यायला लागणारे दिवस), किती दिवस कमी मिळाले. कोणाला अडकवायला नाही, प्लॅनिंगवाल्यांना पण त्याचा उपयोग होतो, आमच्याकडे त्या शीटमुळेच बऱ्याच आयटमचं रिऑर्डर लेव्हल, म्हणजे स्टॉक किती उरला की परत मागवायचं ते, बदललं.

मग मागच्या वर्षीचा बेस काढायचा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण ९५ टक्के ऑन टाइम असं टार्गेट कोणीही लिहितो पण आज आपण कुठे आहोत ते कोणी बघत नाही. सिस्टीममधून पीओ आणि जीआरएनचा, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीचा, डेटा काढा आणि लाइन बाय लाइन बघा. ४०० लाइनपैकी ३३६ वेळेवर आणि पूर्ण क्वांटिटीने आल्या तर तुमचं ८४ टक्के. अर्धा माल आला तर ती लाइन वेळेवर धरायची नाही. आणि तारीख कुठली धरायची ते आधीच ठरवून घ्या, पीओवरची पहिली तारीख की पार्टीने फोन केल्यावर आपण सिस्टीममध्ये पुढे ढकललेली तारीख. ढकललेल्या तारखेवर आकडा ९८ येतो आणि शॉप फ्लोअरवर बोंब चालूच असते, असला आकडा दाखवून काय उपयोग. मी पहिलीच तारीख धरतो, फक्त आपल्याच लोकांनी शेड्यूल बदललं असेल तर नवीन.

क्वालिटीला पीपीएम असतो, म्हणजे दहा लाखात किती खराब, ४०,००० पीसमध्ये ६० रिजेक्ट झाले तर १,५००. हा परचेसच्या शीटवर असावा असं माझं मत आहे, कारण रेट कमी करून हलकी पार्टी आणली तर ते इथेच दिसतं. पण आपल्या ड्रॉइंगच्या चुकीने झालेलं रिजेक्शन त्यात मोजू नका असं क्यूसीशी बोलून ठरवा.

आता कॉस्ट सेव्हिंग, ज्यावर सगळी भांडणं होतात. स्टीलचं मार्केट उतरलं म्हणून रेट उतरला तर ते तुमचं सेव्हिंग नाही, आणि मार्केट चढलं तर तो तुमचा तोटा पण नाही, म्हणून मार्केटचा भाग आणि निगोशिएशनचा भाग वेगळा दाखवायची पद्धत सहीच्या आधीच मान्य करून घ्या. आणि तुलना नेहमी माल आपल्या गेटवर पोचेपर्यंतच्या खर्चाची. समजा कळंबोलीच्या स्टील मार्केटचा रेट किलोला ६२ आणि इथल्या डीलरचा पोच ६३.५०. कळंबोलीवरून गाडीभाडं १.२०, हमाली ०.४०, वर पैसे रोख, आणि इथला एक महिन्याचं क्रेडिट देतो. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर त्या महिन्याचे ६२ पैसे. कळंबोलीची बेरीज ६४.२२, म्हणजे इथलाच स्वस्त. असा कंपॅरेटिव्ह प्रत्येक मोठ्या आयटमचा फाइलला लावा.

कागदपत्रांची बाजू बोअर वाटते पण पैसा तिथेच जातो. मायक्रो आणि स्मॉल उत्पादक किंवा सर्व्हिस देणाऱ्या प्रत्येक पार्टीचं उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे एमएसएमई नोंदणीचा सरकारी दाखला, घेऊन ठेवा. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पेमेंट, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहेच, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. आणि २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्ये, पेमेंटची ही मुदत चुकवली तर तो खर्च पैसे दिले त्या वर्षीच धरला जातो. म्हणून पीओवर ९० दिवस छापलेलं असेल तर अकाउंट्सला आजच सांगा. जीएसटीमध्ये पार्टीने रिटर्न भरलं नाही तर आपल्या २बी मध्ये, म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या टॅक्स क्रेडिटच्या स्टेटमेंटमध्ये, बिल दिसत नाही, १८ टक्क्यांच्या पाच लाखांच्या मालावर ९०,००० चं क्रेडिट अडकलं. प्लेटिंग, मशीनिंगला पाठवलेला माल चलनावर एक वर्षाच्या आत परत यायला हवा, जुनी चलनं उघडी, म्हणजे माल परत न आलेली, असतील तर पदाचा चार्ज घेतानाच यादी करून साहेबांची सही घ्या.

बाकी एबीसी, म्हणजे जास्त पैसा जाणारे ए ते किरकोळ सी अशी आयटमची वर्गवारी, करून घ्या, एकच पार्टी असलेले आयटम लाल करा, अर्जंट गाडी मागवल्याचा खर्च वेगळा मोजा.

आणि नाशिकवाल्यांसाठी खास. सिंहस्थ येतोय, अमृतस्नान २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर २०२७. २०१५ ला पर्वणीच्या दिवशी बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या पार्किंगलाच थांबवल्या होत्या, आणि सातपूर तर त्र्यंबक रोडलाच आहे. त्या दीड महिन्यात मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या ए आयटमचा स्टॉक वाढवावा लागणार, मग इन्व्हेंटरीच्या टार्गेटमध्ये ती सूट २०२७-२८ च्या शीटवर शब्दांत लिहून घ्या, तोंडी नको, तोंडी सांगितलेलं मार्चमध्ये कोणालाच आठवत नाही. माझी शीट मी याच पद्धतीने परत पाठवली होती, साहेबांनी दोन आकडे बदलले, बाकी तशीच ठेवली.