नवीन घरात चित्रं काढायचा कोपरा कसा लावायचा

शिफ्टिंग झालं की आधी किचन लागतं, मग देव, मग कपाटं, आणि रंगांचा खोका बेडखाली जातो, सगळं लागलं की काढू म्हणून. सगळं कधीच लागत नाही हो. पहिल्याच आठवड्यात तो खोका उघडा, टेबल नसलं तरी चालेल, चटईवर बसून काढा पण काढा.

जागा मात्र लगेच पक्की करू नका. सोफा-बेड ठेवून जो कोपरा उरला तो चित्रांचा, असं करतात बहुतेक जण, आणि मग तिथे अंधार असतो म्हणून कोणी बसत नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी घरात फिरून बघा उजेड कुठून येतोय. उत्तरेची खिडकी असली तर ती अजिबात सोडू नका, वर्षातला बराच काळ तिथून थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर साधारण सारखा राहतो त्यामुळे सकाळी लावलेला रंग दुपारी वेगळा दिसत नाही. जूनच्या आसपास सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं तिथे, तेव्हा पातळ पांढरा पडदा पुरतो. पश्चिमेच्या खिडकीत उन्हाळ्यात वॉटरकलरचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्याचा पातळ रंग, पसरायच्या आत कागद सुकून जातो. उजव्या हाताने काढत असाल तर उजेड डावीकडून हवा, नाहीतर आपल्याच हाताची सावली पडते. रात्री बसणार असाल तर ४०००के ते ५०००के चा एलईडी (हा आकडा उजेड पिवळा की पांढरा ते सांगतो) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर, बॉक्सवर लिहिलेलं असतं, पिवळ्या बल्बखाली फिकट पिवळा रंग कागदावर दिसतच नाही.

आता टेबल. माझ्या मते एकच अट आहे, अर्धवट चित्र रात्रभर तसंच पडून राहता आलं पाहिजे. डायनिंग टेबलवर ते होत नाही, जेवायची वेळ झाली की सगळं उचला, आणि दोनदा उचललं की तिसऱ्यांदा मांडायचा कंटाळा येतो. वॉटरकलरच्या कागदाचं एक नेहमीचं माप म्हणजे फुल इम्पिरियल, तो २२ बाय ३० इंच असतो, अर्धा १५ बाय २२, म्हणजे अर्ध्या कागदावर काम करणाऱ्याला २ बाय ३ फुटाचं टेबल पुरतं, बाजूला पॅलेट आणि पाण्याचे दोन डबे राहतात. एवढी जागा वन बीएचकेमध्येही निघते. भाड्याचं घर असेल तर भिंतीत ड्रिल नको, पडद्याच्या रॉडला सुतळी बांधून चिमट्याने चित्रं लटकवा. आणि घरच्यांना स्पष्ट सांगा की या टेबलावर इस्त्रीचे कपडे, कुरिअर, चाव्या काही ठेवायचं नाही.

मुंबई, कोकण, गोव्यात असाल तर खरा त्रास पावसाळ्याचा. कागद बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल लागलेला कागद वरून चांगला दिसतो पण रंग लावला की टीपकागदासारखा शोषून घेतो, डाग डाग पडतात, आणि तो परत चांगला होत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून आडवा ठेवा, कसर लागली नाही ना ते अधूनमधून बघा. पॅलेट पूर्ण सुकल्याशिवाय झाकण लावू नका, बुरशी येते. ब्रश आडवे सुकवा.

ऑइल पेंटिंग करणाऱ्यांनी हे नक्की वाचा. टर्पेंटाइन बेडरूममध्ये नको, खिडकी उघडी हवीच. जवसाचं तेल (ऑइल रंगात असतं ते) पुसलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका, त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, खरंच. बाल्कनीत एकेक सुटी पसरून कडक सुकवा, मग टाका.

कपाट, ट्रॉली, महागडा ईझल (चित्र ठेवायचा स्टँड) वगैरे महिनाभर तरी घेऊ नका. शिफ्टिंगचे खोके आहेतच, त्यातच सामान ठेवून काम सुरू करा, हात कुठे कुठे जातो ते कळलं की मग खरेदी करा.