शेवंड रबरासारखी होते आणि नारळाचं दूध फाटतं? माझा अनुभव

सांगलीत शेवंड, म्हणजे लॉबस्टर, बर्फातूनच येते, रत्नागिरीहून. तीनदा थाई पद्धतीने केली, तीनदा तेच: मांस चपलेच्या रबरासारखं, वर फाटलेलं पाणचट दूध. महागड्या मालाची अशी माती झालेली बघवत नव्हती.

आधी लिंबात मुरवून पाहिली, मग जास्त वेळ शिजवली. आणखीच चिवट झाली.

शेवटी जमलं ते असं. बर्फातली शेपटी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली, गरम पाण्यात नाही. सकाळी कात्रीने उभी चिरून काळा दोरा, म्हणजे आतडं, काढला आणि ती फडक्याने कोरडी टिपली. नंतर कढईत नारळाचं फक्त घट्ट दूध आटवलं. कडेला तेल सुटल्यावर त्यात लाल मिरची, लसूण, आलं, गवती चहाचा पांढरा बुडखा यांचं वाटण परतलं. मग पातळ दूध, फिश सॉस (आंबवलेल्या माशांचा खारट रस), गुळाचा खडा. आच मंद, उकळी नाही. खळखळलं की दूध फाटतं.

आता दीडशे ग्रॅमच्या शेपटीचे अर्धे तुकडे कवच खाली ठेवून, झाकण घालून चार मिनिटं, उलटून एक मिनिट. मांस पांढरं झालं, मधली काचेसारखी झाक गेली की लगेच गॅस बंद. लिंबू त्यानंतरच.

वरून सब्जाची पानं. थाई तुळस हा सब्जाचाच प्रकार, बाजारात शोधत फिरू नका, कुंडीत सब्जा पेरा.