धातूची कुंडी निवडताना आणि मांडताना या चुका टाळा

पुण्यातील आमच्या घराची बाल्कनी पश्चिमेला आहे. तिथे एका जानेवारीत काळ्या पावडर कोटिंगची, म्हणजे रंगाची भुकटी भाजून चढवलेली, लांबट पत्र्याची कुंडी आणून मी तिच्यात थेट मोगरा लावला. फेब्रुवारीअखेर त्याला चांगली पालवी फुटली. एप्रिलमध्ये मात्र पाने रोज दुपारी माना टाकू लागली, संध्याकाळी थोडी सावरू लागली, आणि मी प्रत्येक वेळी पाणी वाढवत गेलो. मे महिन्यात झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढले, तेव्हा भिंतीकडच्या बाजूची मुळे पांढरी आणि चिवट होती, तर उन्हाच्या बाजूची मुळे दोन बोटे खोलीपर्यंत तपकिरी पडली होती आणि बोटांत धरून ओढताच त्यांची साल निसटून हातात येत होती. तळाच्या मातीला आंबूस वास होता. झाडाला पाणी कमी पडत नव्हते; ते एका अंगाने भाजत होते आणि तळाशी कुजत होते.

ही चूक मोगऱ्याची नव्हे आणि कुंडीचीही नव्हे. मातीच्या कुंडीची सवय असलेला हात पत्र्याची कुंडी त्याच पद्धतीने वापरतो, तेव्हा असे घडते. माठात पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने भाजलेल्या मातीची कुंडीही झाडाला सांभाळते: तिच्या अंगातून ओल झिरपते, वाफ होऊन जाते, जाताना उष्णता घेऊन जाते, आणि जास्तीचे पाणीही काही प्रमाणात त्याच वाटेने निघून जाते. पत्र्याला पाझर नसतो. शिवाय लोखंड उष्णता भाजलेल्या मातीच्या सुमारे पन्नासपट सहजतेने वाहून नेते, त्यामुळे बाहेरच्या पृष्ठभागावर पडलेले ऊन थेट मुळांपर्यंत पोहोचते. मातीचे तापमान ३८ ते ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ थांबते, आणि त्यापुढे ती मरू लागतात. म्हणून धातूची कुंडी हा झाडाचा अंगरखा समजावा. झाडाचे घर त्याच्या आत वेगळे असावे.

थेट माती भरणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक हीच आहे. झाड नर्सरीतून आणलेल्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या कुंडीतच ठेवावे आणि ती कुंडी धातूच्या कुंडीत बसवावी. दोन्हींच्या मध्ये चहूबाजूंनी दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहील, असे माप घ्यावे. घरात ही पोकळी रिकामी ठेवली तरी चालते. बाहेर, विशेषतः दुपारच्या उन्हात, तिच्यात थर्माकोलच्या पट्ट्या बसवाव्यात. काही जण तिथे नारळाची सोडणे किंवा काथ्या भरतात. ते दिसायला नैसर्गिक वाटते, परंतु ओला काथ्या महिनोन्महिने लोखंडाला चिकटून राहिला की पत्रा आतून गंजू लागतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. आतली कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे निथळलेले पाणी मुळांना लागत नाही.

रंगाचाही विचार इथेच करावा. काळी, गडद राखाडी किंवा तांबूस तपकिरी कुंडी छायाचित्रात उठून दिसते. पण एप्रिलच्या दुपारी तिच्यावर हात टेकवता येत नाही, हे दुकानात लक्षात येत नाही. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाल्कनीसाठी पांढरी किंवा फिकट रंगाची कुंडी घ्यावी. काळ्या रंगाची हौस उत्तरेच्या खिडकीत किंवा दिवाणखान्यात भागवावी.

धातू न ओळखता पैसे देणे

बाजारात ‘पितळी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कुंड्या प्रत्यक्षात सोनेरी मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या असतात. त्यात गैर काही नाही, फक्त दर पितळेचा लावलेला नसावा. फ्रिजवर लावायचे साधे चुंबक खिशात घेऊन जावे: ते चिकटले तर आत लोखंड आहे, कारण पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम यांना चुंबक चिकटत नाही. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत मात्र ही चाचणी अपुरी पडते, कारण स्वस्त २०२ आणि चांगले ३०४ या दोन्ही प्रकारांना चुंबक जवळजवळ सारखाच प्रतिसाद देते.

पावडर कोटिंग कितीही गुळगुळीत दिसले तरी कुंडी उलटी करून तळाची कडा पाहावी. रंग सर्वांत पातळ बसतो तो धारदार कडांवर आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर, आणि गंजाची सुरुवातही तिथूनच होते. एकदा टवका उडाला की ओल रंगाच्या खाली सरकते आणि फोड येत जातात. जी.आय. पत्र्याची, म्हणजे जस्ताचा थर दिलेली कुंडी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणार असाल, तर एक प्रश्न अवश्य विचारावा: जस्त वेल्डिंगच्या आधी चढवलेले आहे की नंतर? वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यावरचे जस्त जळून जाते, आणि त्यावर मारलेला चंदेरी रंग फक्त डोळ्यांची समजूत घालतो. जोडकाम पूर्ण झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली कुंडी महाग पडते, पण पावसाळ्यात ती आपली किंमत वसूल करते.

पत्र्याची जाडीही विचारावी. २२ गेजचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटरचा असतो, १८ गेजचा १.२ मिलिमीटरचा. तीन फूट लांबीची कुंडी पातळ पत्र्याची असेल आणि तिच्यात ओली माती भरली, तर लांब बाजू पोटासारख्या फुगतात. वरची कडा आत दुमडलेली आणि मध्ये एक आडवी पट्टी जोडलेली असावी.

समुद्राच्या जवळ राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. मुंबईचा किनारा असो, अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा पणजी असो, खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकवणे म्हणजे दरवर्षी रंगकाम आलेच. तिथे ॲल्युमिनियम हा समंजस पर्याय आहे. मात्र त्यावर सिमेंट किंवा ओला चुना सांडू देऊ नये, कारण अशा अल्कधर्मी पदार्थांनी त्याचा संरक्षक थर खाल्ला जातो. सध्या आवडीने वापरले जाणारे, मुद्दाम गंजवलेले कॉर्टेन पोलाद कोकणात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावरचा गंजाचा थर घट्ट होण्यासाठी आलटूनपालटून ओल आणि कोरडेपणा लागतो. जिथे चार महिने हवा सुकतच नाही आणि वाऱ्यात मीठ असते, तिथे तो थर स्थिरावत नाही आणि खालच्या फरशीवर नारिंगी ओघळ येत राहतात.

पाणी निथळण्याची वाट न तपासणे

एकच कुंडी वापरायची असेल आणि तिला छिद्रे नसतील, तर ती पाडून घ्यावीत. दोन फूट लांबीच्या कुंडीला १० ते १२ मिलिमीटरची चार-पाच छिद्रे पुरतात. ड्रिलने पाडलेल्या छिद्राची कड उघडी पडलेली असते, म्हणून तिला लगेच जस्तयुक्त प्रायमर किंवा निदान रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग लावावा. या पाच मिनिटांच्या कामाचा आळस केला की गंज छिद्रापासूनच पसरतो.

तळाशी खडीचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. बारीक माती पाणी धरून ठेवते आणि ती पूर्ण भिजल्याखेरीज खालच्या मोठ्या पोकळ्यांत पाणी सोडत नाही. परिणामी ओलीचा थर खाली जाण्याऐवजी खडीच्या वर, मुळांच्या अधिक जवळ येऊन थांबतो. छिद्रावर एक खापरी किंवा डासांच्या जाळीचा तुकडा एवढेच पुरे. बाकी सुधारणा मातीत करावी: पोयट्याच्या मातीत कोकोपीट, थोडी जाड वाळू आणि गांडूळखत मिसळावे.

ताटलीतले पाणी आठवड्यातून किमान एकदा ओतून ताटली घासावी. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी ताटलीच्या कोरड्या कडेलाही चिकटून राहतात. दोन कुंड्यांच्या पद्धतीत हे पाणी बाहेरच्या कुंडीच्या तळाशी नजरेआड साचते, त्यामुळे तिथे अधिक लक्ष द्यावे लागते.

वजनाचा अंदाज चुकणे

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० खोल अशा कुंडीत ५४ लिटर माती मावते. भिजलेली लाल माती लिटरला दीड किलोहून अधिक भरते, म्हणजे ऐंशी किलोंच्या वर फक्त माती झाली. घरांच्या बाल्कनीसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरील भारांच्या मानकात, धरलेला भार चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण तीनशे किलो आहे, आणि त्यात माणसे, खुर्च्या, वाळत घातलेले कपडे असे सगळेच येते. अशा चार कुंड्या बाहेरच्या कठड्याला लागून एका रांगेत ठेवणे योग्य नाही. जड कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवाव्यात आणि जुन्या इमारतीत तर आधी जाणकाराला विचारावे. कठड्यावर अडकवायच्या कुंड्या नेहमी आतल्या बाजूला अडकवाव्यात. वळवाच्या वाऱ्यात तिसऱ्या मजल्यावरून पडलेली लोखंडी कुंडी ही खाली चालणाऱ्या माणसासाठी सजावट राहत नाही.

घंगाळाला भोक पाडणे

आजीचे तांब्याचे घंगाळ माळ्यावरून काढून त्यात झाड लावण्याची कल्पना मोहक आहे, आणि बहुतेक घंगाळांचा शेवट याच कल्पनेने होतो. ठोक्याठोक्याने घडवलेल्या जुन्या भांड्याला भोक पाडले की ते भांडे राहत नाही. त्याखेरीज तांब्याचा आणि मुळांचा संबंधही फारसा सलोख्याचा नाही. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण द्राक्षबागांत आणि सुपारीच्या बागांत बुरशी मारण्यासाठी फवारतात. ते काम त्यातील तांबे करते, आणि तेच तांबे मुळांच्या कोवळ्या टोकांची वाढ रोखते. काही रोपवाटिका कुंडीच्या आतल्या बाजूला तांब्याच्या संयुगाचा लेप मुद्दाम देतात, म्हणजे मुळे कडेने गोल गोल फिरत नाहीत. आंबट खत, ओलसर माती आणि तांबे दीर्घकाळ एकत्र राहिले, तर बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते तशीच ती मातीही कळकणार. म्हणून घंगाळात झाड आतल्या कुंडीसहच ठेवावे. घंगाळ रुंद आणि मानाने उथळ असते, त्यामुळे त्यात एका उंच झाडापेक्षा तीन छोट्या कुंड्यांतील नेचे, मनी प्लांट किंवा पीस लिली अधिक शोभतात.

जुन्या तेलाच्या किंवा डालड्याच्या डब्यातली तुळस चाळीच्या गॅलरीत पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहे; तो डबा दोन-तीन वर्षांनी गंजून बदलायचा, हे तिथे गृहीतच असते. रसायनांचे किंवा रंगांचे रिकामे पिंप मात्र कितीही धुतले तरी पुदिना, कोथिंबीर, गवती चहा यांसाठी वापरू नये.

मांडणीतील बारीक चुका

आतल्या कुंडीची काळी कड बाहेरच्या कुंडीच्या काठावर डोकावत असेल, तर महागड्या पितळेचीही शोभा जाते. आतली कड दोन बोटे खाली असावी आणि वर काथ्याचा पातळ थर पसरावा. पांढरे गोटे दिसतात छान, पण बोट घालून ओल पाहण्याची सोय त्यांनी जाते. तोंड अरुंद आणि पोट मोठे अशी कुंडी झाड बदलण्याच्या दिवशी डोकेदुखी ठरते. बारीक पायांच्या उंच स्टँडवर रबर प्लांटसारखे वर जड होणारे झाड ठेवू नये. एकाच कोपऱ्यात पितळ, तांबे, काळे लोखंड आणि चंदेरी पत्रा असे सगळे एकत्र आले की भांड्यांच्या दुकानाचा भास होतो. दोन प्रकारांवर थांबावे. लॅकर, म्हणजे चकाकी टिकवणारा पारदर्शक लेप, दिलेले पितळ चिंच-मिठाने घासू नये, कारण लॅकर ठिकठिकाणी निघते आणि उरलेला भाग डागाळलेला दिसतो. ते ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे असते.

बिघाड दिसल्यावर

माती ओली असूनही पाने दुपारी मान टाकत असतील, तर पाणी वाढवू नये; कुंडी सावलीत सरकवावी आणि मुळे तपासावीत. काठावर किंवा मातीवर पांढरी खपली धरली असेल, तर ते बोअरच्या पाण्यातील आणि रासायनिक खतांतील क्षार आहेत. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी हळूहळू ओतून ते निथळू द्यावे. हे क्षार धातूलाही खातात, म्हणून काठ पुसून घ्यावा. जी.आय. कुंडीवर पांढरी भुकटी दिसणे हा जस्ताचा गंज आहे. तो ब्रशने काढून कुंडी काही दिवस हवेशीर, कोरड्या जागी ठेवली की बहुधा थांबतो. नारिंगी डाग दिसला तर मात्र लोखंड उघडे पडले आहे. तो भाग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासावा, प्रायमर लावून तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. हे काम पावसाळ्यापूर्वी, मेच्या कोरड्या हवेत करावे. फरशीवरचे गंजाचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने निघतात, हातमोजे घालून ते वापरावे, परंतु संगमरवरावर ते अजिबात लावू नये, कारण कोणत्याही आम्लाने त्याची चकाकी कायमची जाते. संगमरवरी किंवा कोटा फरशीवर कुंडी ठेवायचीच असेल, तर तिला पहिल्या दिवसापासून रबरी पाय लावावेत.