अंडी गणपतीत, पिल्लं कधी? शॅमेलिऑनवाल्यांसाठी तयारीची यादी

गणपतीच्या दिवसांत शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, मादीनं अंडी घातली, तर पिल्लं शिमग्याला येतील की वटपौर्णिमेला, हे छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. येमेनकडच्या व्हेल्ड शॅमेलिऑनची अंडी 26 ते 28 अंशांवर साधारण सहा ते नऊ महिने घेतात. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनची कधी कधी वर्षभर. तेव्हा कॅलेंडरवर एका तारखेला गोल करू नका, फाल्गुन ते ज्येष्ठ घरात कुणीतरी राहील असं बघा.

आधी कागदपत्रं. आपल्या रानातला घोयरा, म्हणजे इथला शॅमेलिऑन, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. तो किंवा त्याची अंडी घरी आणायची नाहीत म्हणजे नाहीत. परदेशी जोडीची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर हवी, आणि पिल्लं जन्मली की तीही कळवावी लागतात.

झाकणाचा डबा आणि नर्सरीत मिळतं ते व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकंच ओलं करा. अंडी अर्धी पुरा, बोटभर अंतर ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करा. पुढं ती उलटायची नाहीत. खानापूरकडं पावसाळ्यात डब्यात बुरशी लवकर धरते, म्हणून आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा द्या. बेळगावात थंडीत रात्री पारा बराच उतरतो, त्यात काही बिघडत नाही, वेळ तेवढा वाढतो. भीती एप्रिल-मेची. माळ्यावर, पत्र्याखाली डबा नको. खालच्या खोलीतलं लाकडी कपाट बरं. थर्माकोलच्या खोक्यात ठेवलात तर लाईट गेली तरी तास-दोन तास निभावतं. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर मात्र घ्याच, हाताच्या अंदाजावर माझी पहिली खेप गेली.

चेपलेलं अंडं लगेच फेकू नका, बहुतेक वेळा ते तहानलेलं असतं. पिवळं पडून बुरशीनं भरलेलं तेवढं काढा.

अंडी घातल्यापासून पाचव्या महिन्यात पिल्लांच्या खाण्यासाठी न उडणाऱ्या फळमाशांची पैदास सुरू करा. तिला दोन-तीन आठवडे लागतात, आणि पिल्लं काही थांबत नाहीत. (उडणाऱ्या माशा पाळल्यात तर घरचे तुम्हालाच बाहेर काढतील.)

अंड्यांवर घामासारखे थेंब दिसले की जवळ आलं. चीर पडली तरी ओढून काढू नका, आतला बलक संपवूनच पिल्लू बाहेर येतं. गेल्या खेपेला पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात 18 दिवस गेले, डबा तोच, ऊबही तीच. मधल्या दिवसांत भाऊ रोज विचारायचा, “उरलेली टाकायची काय की?”