डोईजड पगार आणि आपला संघ : अमेरिकी चाहत्यांशी वाद घालण्याची रीत

अमेरिकेत खेळाच्या चाहत्यांबरोबर बसण्याची वेळ आली, की दोन वाद हमखास कानांवर पडतात. अमुक एका बेसबॉलपटूला अवाच्या सव्वा पैसे मिळतात, हा पहिला. आणि अमुक एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला आपला म्हणण्याचा तुम्हाला अधिकार काय, हा दुसरा. दोन्ही वाद एकाच टेबलावर, त्याच माणसांत आणि तितक्याच चढ्या आवाजात चालत असल्यामुळे ते एकाच जातीचे आहेत, असा नवख्याचा समज होतो. प्रत्यक्षात पहिल्या वादाचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन बव्हंशी काढता येते, तर दुसऱ्याला असे उत्तर असूच शकत नाही. माझ्या अनुभवात कडाक्याची भांडणे झाली ती निष्ठेला हिशेब लावल्यामुळे किंवा हिशेबात निष्ठा घुसवल्यामुळे. म्हणून तोंड उघडण्यापूर्वी आपण कोणत्या वादात शिरत आहोत, हे आधी ओळखावे.

बेसबॉलपासून सुरुवात करू. एखाद्याचा पगार डोईजड आहे असे कोणी म्हणाले, तर तो कोणाच्या डोईला जड आहे, हे प्रथम विचारावे. अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, त्यामुळे एका महागड्या करारापायी दुसऱ्या खेळाडूला मुकावे लागते. मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत अशी मर्यादा नाही. तेथे ठरावीक रकमेवर, म्हणजे २०२५ साली २४ कोटी १० लाख डॉलरांवर, खर्च गेला की जादा रकमेवर ‘लक्झरी टॅक्स’ भरावा लागतो. पहिल्या वर्षी त्याचा दर २० टक्के असतो आणि सलग वर्षे मर्यादा ओलांडल्यास तो वाढत जातो. धनाढ्य मालकाच्या संघाला एखादा करार फसला तरी फारसे बिघडत नाही, पण हात आखडून चालणाऱ्या संघाचा तेवढ्याच रकमेचा करार फसला तर पुढची काही वर्षे वाया जाऊ शकतात. सबब, संघाचे नाव घेतल्याशिवाय ‘डोईजड’ या शब्दाला अर्थ येत नाही.

दुसरा प्रश्न वयाचा आणि सेवाकाळाचा. नवा खेळाडू पहिली तीन वर्षे साधारणपणे किमान वेतनाच्या आसपास खेळतो. २०२५ साली ते ७ लाख ६० हजार डॉलर होते. पुढची तीन वर्षे पगाराचा तंटा लवादापुढे नेता येतो, आणि सहा वर्षे पूर्ण झाल्यावर खेळाडू ‘फ्री एजंट’ होऊन हव्या त्या संघाशी बोलणी करू शकतो. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे स्वस्तात जातात आणि गुडघे कुरकुरू लागण्याच्या सुमारास पैसा हाती येतो. पिट्सबर्गचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, पॉल स्कीन्स याने २०२५ साली नॅशनल लीगमधील (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकातील) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, तेव्हा त्याचा पगार दहा लाख डॉलरांच्या आत होता. महागड्या खेळाडूंची यादी वाचून दाखवणाऱ्याला अशा स्वस्त खेळाडूंची यादीही मागावी. अर्थात हा मुद्दा ताणू नये, कारण पूर्वी कमी मिळाले म्हणून नंतर जास्त, हा न्याय खेळाडूच्या बाजूने खरा असला तरी देणारा संघ बहुधा वेगळा असतो. अल्बर्ट पुहोल्सने सेंट लुईस कार्डिनल्सला अकरा हंगामांत तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराची आणि दोन वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम लढत) विजयांची कमाई दिली. त्यानंतर २०११ च्या डिसेंबरात एंजल्स या दुसऱ्या संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा, सुमारे २४ कोटी डॉलरांचा करार केला आणि उतरती कळा पदरात पाडून घेतली. जेवण एकाचे आणि बिल दुसऱ्याच्या हाती, असा तो प्रकार झाला.

तिसरी गोष्ट म्हणजे आकडा ऐकताच दिपून जाऊ नये. शोहेई ओहतानी या खेळाडूचा लॉस एंजलिसच्या डॉजर्स संघाशी डिसेंबर २०२३ मध्ये झालेला करार ७० कोटी डॉलरांचा म्हणून गाजला. त्यातील ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी मिळायचे आहेत. दहा वर्षांनी मिळणारा डॉलर आजच्या डॉलरएवढा नसतो, म्हणून लक्झरी टॅक्सच्या हिशेबात हा करार वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखांचाच धरला जातो. याची उलट बाजू बॉबी बोनिया या निवृत्त खेळाडूच्या कराराची. दरवर्षी १ जुलैला न्यूयॉर्क मेट्स संघ त्याला ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर देतो, आणि दरवर्षी त्याच दिवशी चाहते पोट धरून हसतात. हसण्याआधी हिशेब मांडावा. मेट्सला २००० सालच्या हंगामासाठी त्याचे ५९ लाख डॉलर देणे होते. ते तेव्हा न देता ८ टक्के व्याजाने पुढे ढकलण्याचे ठरले. २०११ पर्यंत त्या रकमेचे सुमारे १ कोटी ३७ लाख झाले, आणि त्याच दराने तिचे २०३५ पर्यंतचे पंचवीस वार्षिक हप्ते पाडले की बरोबर वरचा आकडा येतो. येथे खेळाडूचा पगार डोईजड नव्हता. व्याजाचा दर होता. टेबलावरच्या कागदी रुमालावर एवढी आकडेमोड करून दाखवली, तर पुढच्या अर्ध्या तासात तुमचे म्हणणे मध्येच कोणी तोडत नाही, हा त्यातला आनुषंगिक लाभ.

यानंतर ‘वॉर’ नावाचे माप येते. एखाद्या खेळाडूच्या जागी सहज मिळणारा, दुय्यम लीगमधून आणलेला बदली खेळाडू उभा केला असता संघाचे किती विजय कमी झाले असते, याचा तो अंदाज असतो. ढोबळमानाने हंगामाला दोन म्हणजे नियमित खेळाडू, पाच म्हणजे ऑल-स्टार दर्जाचा आणि आठ म्हणजे सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा दावेदार, असे समजतात. आपला आकडा बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाचा की फॅनग्राफ्स या संकेतस्थळाचा, हे मात्र आधीच सांगून टाकावे. पिचरच्या बाबतीत पहिले माप दिलेल्या धावांवरून निघते, दुसरे मुख्यतः स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) आणि होम रन (बहुधा कुंपणापार जाणारा फटका) यांवरून, आणि दोन्ही आकडे पुष्कळदा जुळत नाहीत. दोघेही खरे बोलत असूनही तासभर भांडत बसल्याचे मी पाहिले आहे.

संघ हरला म्हणून खेळाडू महागात पडला, हा युक्तिवाद मात्र सरळ फेटाळावा. अलेक्स रॉड्रिगेझने डिसेंबर २००० मध्ये टेक्सस रेंजर्सशी दहा वर्षांचा २५ कोटी २० लाख डॉलरांचा करार केला. पुढच्या तीन हंगामांत त्याने ५२, ५७ आणि ४७ होम रन मारले, २००३ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि रेंजर्स तिन्ही वर्षे आपल्या विभागात शेवटचा राहिला. त्यांचे दुखणे पिचिंगमध्ये होते. त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला एकटा क्षेत्ररक्षक, म्हणजे शॉर्टस्टॉप, काय करणार?

‘शिक्षकांना इतके पैसे का मिळत नाहीत’, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. त्याला सौम्यपणे उत्तर द्यावे, की खेळाडूला न मिळालेला पैसा शिक्षकाकडे जात नाही, तो मालकाकडे राहतो. करार संपला तरी खेळाडूला त्याच संघाकडे बांधून ठेवणारे कलम १९७५ पर्यंत चालू होते. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये सेंट लुईसच्या संघातून फिलाडेल्फियाच्या संघात जाण्यास नकार दिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडला आणि १९७२ मध्ये हरला. ते कलम मोडले ते डिसेंबर १९७५ च्या लवादाच्या निर्णयाने, जेव्हा त्याची कारकीर्द केव्हाच संपली होती.

एवढे करूनही काही करार निखालस फसलेले असतात, आणि तेथे आडमुठेपणा न करता मान्य करावे. २०१३ मध्ये ५३ होम रन मारणाऱ्या क्रिस डेव्हिसशी बाल्टिमोर ओरिओल्सने २०१६ च्या सुरुवातीस सात वर्षांचा १६ कोटी १० लाख डॉलरांचा करार केला. २०१८ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .१६८ पर्यंत घसरली, आणि त्या हंगामाच्या अखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत सलग ५४ वेळा तो हिटविना परतला. तरीही ‘त्याने जास्त घेतले’ यापेक्षा ‘त्यांनी जास्त दिले’ असे म्हणणे अधिक अचूक ठरते.

हे नाव घेताना शहराचे नाव आधी घ्यावे, हा धडा मी स्वतः शिकलो आहे. एकदा दुपारच्या जेवणात मी म्हणालो, ‘‘क्रिस डेव्हिसने पैसे घेऊन काहीच केलं नाही.’’ समोर ऑबर्न विद्यापीठात शिकलेले एक ज्येष्ठ सहकारी बसले होते. त्यांनी काटा ताटात ठेवला आणि माझ्याकडे नुसते पाहत राहिले. त्यांचा क्रिस डेव्हिस वेगळा होता. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी अलाबामाविरुद्ध २८-२८ अशी बरोबरी असताना, अलाबामाने शेवटच्या सेकंदाला मारलेली ५७ यार्डांवरची किक तोकडी पडली. ती गोलरेषेमागे झेलून तो मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावला आणि ऑबर्नने सामना ३४-२८ असा जिंकला. मी घाईघाईने बाल्टिमोरचा खुलासा केला. ‘‘मग तसं आधी म्हणायचं,’’ असे म्हणून त्यांनी मिठाची बाटली, मिरपुडीची बाटली आणि माझा चमचा टेबलावर मांडून ती धाव मला यार्डागणिक दाखवली. त्या वेळी मी ‘वॉर’ हा शब्द उच्चारला नाही, हे बरेच झाले.

कॉलेज फुटबॉलमध्ये पहिला नियम असा, की समोरच्याला ‘तुम्ही तिथे शिकलात का’ असे विचारून गप्प करू पाहू नये. अलाबामा राज्यात बेसबॉलचा मेजर लीग संघ नाही, व्यावसायिक फुटबॉलचा एनएफएल संघही नाही. तेथे अलाबामा किंवा ऑबर्न यांपैकी एक बाजू माणसाला घरातून, आडनावासारखी मिळते, आणि त्या विद्यापीठांची पायरीही न चढलेले लोक जन्मभर ती सांभाळतात. नोत्र दाम विद्यापीठाच्या अशा चाहत्यांना तर ‘सबवे अ‍ॅलम्नाय’, म्हणजे भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी, हे नावच पडले आहे. पदवी असणे हा निष्ठेचा पुरावा नाही आणि नसणे हा दोष नाही.

दुसरा नियम, प्रतिस्पर्ध्याचे महत्त्व ओळखावे. मिशिगनविरुद्धच्या सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात इमारतींच्या पाट्यांवरील प्रत्येक एम अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली दिसते. पाटी ग्रंथालयाची असो की संग्रहालयाची, सूट कोणालाच नसते. २०२४ मध्ये ओहायो स्टेट स्वतःच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असे हरले, आणि त्याच हंगामात, जानेवारी २०२५ मध्ये, नोत्र दामला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेही झाले. विजेतेपदाने त्या पराभवाची भरपाई झाली का, हे एखाद्या ओहायोवाल्याला विचारून पाहावे. उत्तर लगेच येत नाही. आले तरी त्यावर आपला हिशेब सांगू नये.

ज्यावर खुशाल भांडावे असे विषयही आहेत. फ्लोरिडा स्टेटचा संघ २०२३ मध्ये तेराच्या तेरा सामने जिंकूनही, क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू, जायबंदी झाल्यानंतर, चार संघांच्या अंतिम स्पर्धेतून वगळला गेला आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला स्थान मिळाले. येथे दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. पुढच्याच हंगामापासून बारा संघ घेतले जाऊ लागले, तरी बाहेर राहिलेल्या तेराव्याची तक्रार असतेच.

हल्ली दोन्ही वाद एकमेकांत मिसळू लागले आहेत, आणि सर्वांत जास्त सांभाळायचे ते येथे. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींत स्वतःचे नाव वापरू देऊन पैसे मिळवता येतात, त्याच वर्षापासून एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा आली, आणि २०२५-२६ पासून न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठ स्वतःच खेळाडूंत रक्कम वाटू शकते; त्या पहिल्या वर्षी तिची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. साहजिकच ‘आताच्या पोरांना निष्ठाच नाही’ असे ऐकू येते. हे मला पटत नाही. लॉस एंजलिसची यूएससी आणि यूसीएलए ही विद्यापीठे २०२४ मध्ये जुनी कॉन्फरन्स (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाच्या न्यू जर्सीतील रट्गर्स विद्यापीठाबरोबर बिग टेन या कॉन्फरन्समध्ये जाऊन बसली, ती काही विद्यार्थ्यांच्या चंचलपणामुळे नव्हे. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढले, तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरांहून अधिक देणे लागत होते. डोईजड पगाराचा हिशेब कॉलेजात करायचाच असेल, तर तो वीस वर्षांच्या मुलापासून सुरू करू नये.

वाद कोठे थांबवावा, याचे एक टोकाचे उदाहरण सर्वांना ठाऊक असते. २०१० च्या सामन्यात ऑबर्नने २४-० अशा पिछाडीवरून अलाबामाला हरवले. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नमधील टूमर्स कॉर्नरच्या जुन्या ओक वृक्षांना विष घातले आणि रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून ते स्वतःच सांगितले. २०१३ मध्ये ती झाडे तोडावी लागली. या घटनेवर ऑबर्नवाल्यांसमोर विनोद करू नये, आणि अलाबामावाल्यांना तिच्यावरून टोमणाही मारू नये. त्यांनाही ती तितकीच लागते. समोरचा खेळाडूंची नावे सोडून घराण्यांवर बोलू लागला, की पाणी प्यायला उठावे.

शेवटी वेळापत्रकाचे एक पथ्य. ऑबर्न-अलाबामा आणि ओहायो स्टेट-मिशिगन हे दोन्ही सामने साधारणतः थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात होतात, म्हणजे गुरुवारी सगळे कुटुंब एका टेबलावर आणि सामना दोन दिवसांवर. त्या जेवणाला बोलावणे आले, तर कॉलेज फुटबॉलचे नाव काढू नये. बेसबॉलचा फ्री एजंटांचा बाजार तेव्हा नुकताच उघडलेला असतो आणि मोठे करार बहुधा डिसेंबरात होतात, त्यामुळे कोणावर किती पैसे उधळले जातील याचा अंदाज करण्यात टर्की संपेपर्यंतचा वेळ आरामात निघतो.