चौकोनाचं क्षेत्रफळ काढताना या चुका टाळा

उंची म्हणजे लंब, तिरकी बाजू नव्हे. हे दरवर्षी सांगायचं आणि दरवर्षी वहीत १० × ८ = ८० बघायचं, याचा आता खरोखर वीट आलाय. समांतरभुज चौकोनाच्या बाजू १० आणि ८ सेमी, १० च्या पायावरची उंची ५ सेमी, असं गणितात स्वच्छ दिलेलं असतं. तरी बाजूंचा गुणाकार करून मंडळी मोकळी. आकृतीतला ५ दिसत नाही असं नाही, पण आयताचं लांबी गुणिले रुंदी हाताला इतकं बसलेलं असतं की डोकं मध्ये येईपर्यंत उत्तर लिहून झालेलं असतं. बरोबर उत्तर ५० चौसेमी.

मी यावर भाषण देत नाही, पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या देतो. १०, ८, १०, ८ सेमीच्या, कोपऱ्यांत सैल टाचण्या. काटकोनात धरल्या की ८० चौसेमी. आता वरची पट्टी बाजूला ढकला. बाजू त्याच, परिमिती तीच, पण आतली जागा आक्रसत जाते. कोन ३० अंशांवर आला की ४० उरतात, पार झोपवलं की शून्य. सूत्र लिहिण्याआधी तुटक रेघेने लंब काढायचा आणि तिथे काटकोनाची खूण करायची, ही माझी सवय. ज्या लांबीवर ती खूण करता येत नाही, ती उंची नव्हे. लंब आकृतीबाहेर पडत असेल तर पाया वाढवून घ्या, काही बिघडत नाही. फक्त लंब त्याच पायावरचा हवा: १२ च्या बाजूवर ५ आणि १० च्या बाजूवर ६ असेल, तर दोन्हीकडून ६० येतात. १२ × ६ करणाऱ्याने आकृती पाहिलेलीच नाही.

समलंब चौकोनातही तेच. समांतर बाजू ६ आणि १२, तिरक्या बाजू ५-५, तर उंची ४ आणि क्षेत्रफळ ३६. पाचाने गुणून ४५ आणणारे प्रत्येक वर्गात असतात. कॅल्क्युलेटर हातात असेल तर कंस विसरू नका. समांतर बाजूंची बेरीज आधी, उंचीने गुणून निम्मं नंतर.

आता माझ्या डोक्यात जाणारी सगळ्यात मोठी चूक: नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ.

एका जुन्या विद्यार्थ्याला वेड्यावाकड्या मोकळ्या जागेत फरशी बसवायची होती. कडेकडेने फिरून त्याने टेप लावला: १३, १३, १५, १५ मीटर. मग समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून १४ × १४ = १९६ चौमी. खात्रीसाठी इंटरनेटवरून प्राचीन भारतीय गणिती ब्रह्मगुप्ताचं, चार बाजूंवरून क्षेत्रफळ देणारं वर्गमुळाचं सूत्र उचललं, त्यातून आले १९५. "सर, दोन्हीकडून जवळपास सारखंच येतंय, म्हणजे बरोबरच ना?" फरशीची ऑर्डर जायच्या बेतात होती.

मी म्हटलं, "आधी कर्ण मोज." १३ ची बाजू जिथे १५ च्या बाजूला भेटते, ते दोन कोपरे जोडणारा कर्ण निघाला २४ मीटर. १३, १३, २४ या त्रिकोणाची उंची ५, क्षेत्रफळ ६०. १५, १५, २४ ची उंची ९, क्षेत्रफळ १०८. एकूण १६८. म्हणजे २८ चौमी फरशी फुकट आली असती. गंमत अशी, की या चार बाजूंतून १९५ पेक्षा मोठा चौकोन बनूच शकत नाही. सरासरीवाल्या १९६ ची जागा तर अस्तित्वातच नाही.

ब्रह्मगुप्ताचा यात काही दोष नाही. ६२८ साली लिहिताना त्याने सरासरीच्या रीतीला 'स्थूल' असंच म्हटलंय. वर्गमुळाचं सूत्र अचूक आहे, पण चक्रीय चौकोनासाठी, म्हणजे समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८० अंश असेल तरच. ती अट वाचायला कोणाला वेळ नसतो, सूत्र तेवढं कॉपी होतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला पिशाच म्हटलंय, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वरचढ. मला ते अजिबात कठोर वाटत नाही.

कुठलाही आडवातिडवा चौकोन आला की मी कर्ण काढतो, समोरच्या दोन शिरोबिंदूंतून त्यावर लंब टाकतो, आणि लंबांच्या बेरजेला कर्णाने गुणून निम्मं करतो. पाठांतर शून्य. वेळ थोडा जास्त लागतो, लागू दे.

बाकीच्या किरकोळ. समभुज चौकोनात कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं घ्यायचं असतं, निम्मं विसरू नका. परिमिती काढून तिलाच क्षेत्रफळ म्हणू नका. एक बाजू मीटरमध्ये, दुसरी सेंटिमीटरमध्ये असेल तर आधी एकक सारखं करा. शेवटी बदलायचंच असेल तर १ चौमी म्हणजे १०० नव्हे, १०,००० चौसेमी. आणि एखादा कोपरा आत दबलेला असेल, तर एक कर्ण आकृतीबाहेरून जातो. तो सोडा, दबलेल्या कोपऱ्यातून जाणारा आतला कर्ण घ्या.