क्रियापदावर यमक नको : रोजच्या गोष्टींवर खेळकर कविता कशी लिहावी

विषय शोधत बसू नका. घरात आणि रस्त्यावर दिवसभर काही ना काही घडत असतं, त्यातलं एक वाक्य टिपून ठेवा. 'पाऊस' हा विषय नाही, 'सिटी बसमध्ये राहिलेली छत्री' हा विषय आहे. 'स्वयंपाकघर' नाही, तर 'कुकरच्या शिट्ट्या तीन झाल्या की चार, यावरून झालेलं भांडण' आहे. पुणेरी पाट्या आणि १ ते ४ बंद असलेली दुकानं मात्र सोडून द्या. त्यांवर लोक आधीच पोटभर हसलेत, तुमच्या कवितेला त्यात नवं काही सापडणार नाही.

मग चाल ठरवा. सुरुवातीला आठ मात्रांचा तुकडा पुरतो. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वार असला, किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असला, तर ऱ्हस्वाच्याही दोन. म्हणून 'छत्री'तल्या 'छ'च्या दोन होतात, पण 'तुझ्या'तल्या 'तु'ची एकच राहते, कारण तिथे आघात नाही. कान याचा निवाडा बरोबर करतो. 'उतरून'च्या पाच मात्रा होतात, चार हव्या असतील तर कवितेत 'उतरुन' चालतं. 'गमतीच्या कवितेला वृत्त कशाला' हा सल्ला ऐकू नका. केशवकुमार या नावानं आचार्य अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' हा विडंबनकवितांचा संग्रह काढला. त्यातली विडंबनं नेमकी लागतात, कारण वृत्तावरची त्यांची पकड घट्ट आहे. हसू ठेक्यावर येतं, ठेका अडखळला की तेही अडखळतं.

आता खरी अवघड जागा. यमक.

'यमक जुळवत जा, कविता आपोआप होते' असं सांगणाऱ्यांनी माझी बरीच वर्षं वाया घालवली. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. सरळ वाक्य लिहिलं की ओळीच्या टोकाला आला, गेला, झाला, केला यांतलंच काहीतरी येतं, आणि हे सगळे शब्द एकमेकांशी जुळतात. आपल्याला वाटतं यमक साधलं. प्रत्यक्षात फक्त प्रत्यय जुळलेला असतो. पुण्यात कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी अशी कविता वाचत होते, तेव्हा तिसऱ्या कडव्यापासून पुढच्या रांगेतली मुलं माझ्याआधीच शेवटचा शब्द म्हणायला लागली. आणि दर वेळी त्यांचा शब्द बरोबर येत होता. ती कविता अशी सुरू व्हायची :

बस ही आली, गर्दी झाली,
छत्री माझी हरवुन गेली.

मात्रा मोजून पाहा, दोन्ही ओळी सोळाच्या आहेत. तरी यात काही नाही. 'आली' ऐकलं की 'गेली' येणार हे सगळ्यांना माहीत असतं. शिवाय 'बस ही'मधला 'ही' निव्वळ भरतीचा. ही, हो, रे, बरे हे शब्द केवळ मात्रा भरायला आले की ती ओळ खोडा. भरतीच्या शब्दाला मी कधीही सूट देत नाही.

यावर मला लागू पडलेला उपाय एकच. ज्या ओळींना यमक आहे, त्या नामावर, विशेषणावर किंवा ठिकाणाच्या नावावर संपवा आणि कडवं शेवटून लिहा. आधी टोकाचा शब्द, मग त्याच्या जोडीचा, मग उरलेल्या ओळी. क्रियापद आत ढकला. मराठीत शब्द पुढेमागे केले तरी अर्थ बिघडत नाही, ही सोय फुकट घालवू नका.

छत्रीची ती बस स्वारगेटला जाणारी होती, म्हणून मी 'स्वारगेट' हा शब्द कागदाच्या तळाशी लिहिला. वर जोडीचे शब्द मांडले : भेट, लेट, पेट, प्लेट, थेट. 'भेट'नं कविता हळवी व्हायला लागली. 'लेट' कुणालाही पहिल्या झटक्यात सुचेल, म्हणून नको. 'थेट'पाशी मी थांबले, कारण त्या शब्दात हालचाल होती : मी उतरले, छत्री थेट पुढे गेली. छत्री हरवली नाही, प्रवासाला गेली! आणि प्रवास म्हटला की तिकीट आलंच.

मी डेक्कनला उतरुन गेले,
छत्री गेली पुढे थेट;
खिडकीपाशी बसुन एकटी
तिकिट न घेता स्वारगेट!

इथे पहिली-तिसरी ओळ सोळा मात्रांची, दुसरी-चौथी चौदांची. पहिली ओळ 'गेले'वर संपते, पण तिला यमक नाही, म्हणून चालतं. मुख्य म्हणजे 'तिकिट न घेता' ही कल्पना मला आधी सुचलेलीच नव्हती. ती 'थेट'मुळे आली. क्रियापदावर यमक घेतलं की असं काही हाती लागत नाही, कारण 'आली-गेली' तुम्हाला नव्या जागी नेतच नाही.

ठिकाणांची नावं यासाठी फार कामाची. 'कोथरूड'ला 'मूड' आहे, 'गरूड' आहे. 'कात्रज'ला 'गरज'. 'मंडई'ला मला आजवर मनासारखी जोड मिळालेली नाही, ती मी ओळीच्या मध्येच ठेवते. ओढूनताणून जुळवलेल्या यमकापेक्षा शब्दाची जागा बदललेली बरी.

पुढचं सोपं आहे. मोठ्यानं वाचा, टाळीवर म्हणा, जिथे टाळी चुकेल तिथे मात्रा पुन्हा मोजा. मग कविता ओळखीच्या माणसाला वाचून दाखवा आणि यमकाच्या शब्दाआधी क्षणभर थांबा. त्यानं तो शब्द आधीच ओळखला, तर ते कडवं परत लिहा.

हसू आलं की तिथेच थांबा. छत्री डेपोत परत मिळाल्याचं एक कडवं मी नंतर जोडलं होतं. तेही वृत्तात होतं, यमकही बरं होतं. काढून टाकलं. कविता स्वारगेटलाच संपते.